‘लिनक्सवर चालतं’ असं छापणाऱ्या कंपनीस खुलं पत्र

प्रति,
प्रोग्रॅमिंग टूल विभाग व ग्राहक मदत विभाग
(आमच्या पॅनेलमधली चिप बनवणारी कंपनी)

महोदय,

उबंटू अपडेट केल्यावर तुमचं चिप प्रोग्रॅम करायचं टूल उघडत नाही, ही माझी तक्रार तुमच्या मदत विभागानं नुकतीच बंद केली. शेरा असा: अडचण आमच्या सॉफ्टवेअरची नसून लिनक्स डिस्ट्रिब्युशनची (उबंटूसारख्या तयार लिनक्स संचाची) आहे, सँडबॉक्स (प्रोग्रॅमला बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारं कुंपण) बंद करून टूल चालवावं, नाहीतर विंडोज वापरावं, तक्रार निकाली. कुणी तपासलं, कुठल्या मशीनवर तपासलं, याचा पत्ता नाही. शेऱ्याखाली उत्तर लिहायची सोय तुम्ही ठेवलेली नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव मुद्दाम घेत नाही. एक तर मला भांडण नको, दुरुस्ती हवी आहे. आणि दुसरं म्हणजे इतर चिपवाल्यांकडून असाच शेरा मिळालेले लोकही हे वाचतील, त्यांनी आपापल्या कंपनीचं नाव इथं घालून घ्यावं.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. शेतीपंपांची ऑटो स्विच पॅनेल आम्ही बनवतो. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री-अपरात्री उसातून स्टार्टरपर्यंत जायचं म्हणजे साप-विंचू आहेतच, आता बिबट्याही आहे. म्हणून लोक ऑटो स्विच बसवतात. पण लाईट आल्याबरोबर एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपीला झटका बसतो, आणि डीपी जळाली की सगळ्यांचंच पाणी बंद. ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा’ असं महावितरण वरचेवर सांगतं ते याचसाठी. आमच्या पॅनेलमध्ये तुमची चिप आहे तीही याचसाठी. ती तिन्ही फेज तपासते, व्होल्टेज स्थिर व्हायची वाट बघते आणि शेजारच्या पॅनेलपेक्षा वेगळ्या वेळी मोटार उचलते. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून हा थांबायचा वेळ वाढवून मागितला. प्रोग्रॅममध्ये एक आकडा बदलायचा, कंपाइल करायचं, चिपमध्ये बर्न करायचं. काम एवढंच. आणि तुमचं टूल उघडेना.

अपडेट केलंच कशाला, असं तुमच्या माणसानं विचारलं होतं. वर्कशॉपमधली मशिनं उबंटू २०.०४ वर होती. ती आवृत्ती एप्रिल २०२० ची, आणि तिचा नेहमीचा पाच वर्षांचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेलं मशीन इंटरनेटला जोडून त्यावर गिऱ्हाइकांचं काम करायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. म्हणून आधी २२.०४ आणि मग २४.०४ असं टप्प्याटप्प्यानं वर आलो. मधली एलटीएस (लांब सपोर्टची आवृत्ती) गाळून थेट उडी मारता येत नाही, हे तुमच्या लोकांना माहीत असेल अशी आशा आहे. राहिलं विंडोज. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, जी आमच्या मशिनांत नाही. एका टूलसाठी चालती मशिनं भंगारात काढा, असाच तुमच्या सल्ल्याचा अर्थ होतो.

आता बिघाडाकडे येतो, कारण तुमच्या शेऱ्यात तोच कुठे नाही.

आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की काहीच होत नाही. ना खिडकी, ना चुकीचा संदेश. टर्मिनलमधून चालवलं तर पहिली ओळ येते ती लिबफ्यूज २ सापडत नसल्याची. तुम्ही टूल ॲपइमेज म्हणून देता, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल. तुमची ॲपइमेज स्वतःला डिस्कसारखी जोडून घ्यायला जुनी फ्यूज २ लायब्ररी मागते. उबंटू २२.०४ पासून ती आपोआप येत नाही, वेगळी बसवावी लागते. २४.०४ मध्ये तर तिच्या पॅकेजच्या नावापुढे ‘टी६४’ असं शेपूटही लागलं आहे, कारण १९ जानेवारी २०३८ ला ३२-बिट घड्याळाचा आकडा संपणार आहे आणि त्याच्या तयारीत बऱ्याच पॅकेजांची नावं बदलली. हे नाव माहीत नसलेला माणूस नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज बसवायला जातो. २२.०४ वर तसं केलं की फ्यूज ३ निघून जातं आणि सोबत डेस्कटॉपचे भागही निघू शकतात. ॲपइमेज बनवणाऱ्यांनी आपल्या माहितीपानावर याचा इशारा दिलेला आहे. तुमच्या डाउनलोड पानावर एक ओळ पुरली असती.

ही लायब्ररी बसवली की टूल एक पाऊल पुढे जाऊन पडतं. या वेळी संदेश मोठा असतो: क्रोम-सँडबॉक्स नावाची मदतनीस फाइल सापडली, पण ती रूटच्या (सिस्टिमच्या मुख्य यूजरच्या) मालकीची नाही आणि तिची परवानगी ४७५५ नाही, सँडबॉक्सशिवाय चालण्यापेक्षा मी थांबतो. मग ट्रॅप, कोअर डम्प (पडलेल्या प्रोग्रॅमची नोंद), संपलं. तुमच्या टूलला जेवढी काळजी आहे तेवढी तुमच्या मदत विभागाला नाही, असं हे वाचून माझं मत झालं.

ती फाइल रूटच्या नावावर करून टाका, असं कुणी म्हणेल. ते होत नाही. ॲपइमेज दर वेळी टेम्प फोल्डरमध्ये नव्या नावानं जोडली जाते, ती जोडणी फक्त वाचण्यापुरती असते, आणि सेटयूआयडीची (४७५५ मधली, मालकाच्या अधिकारानं चालवण्याची) परवानगी तिथं मुळात मानली जात नाही. खरं कारण त्याच्याही मागे आहे. तुमचं टूल इलेक्ट्रॉन या ढाच्यावर बांधलेलं आहे, म्हणजे आत क्रोमियम हा ब्राउझर आहे. क्रोमियम आपला सँडबॉक्स आधी यूजर नेमस्पेस (साध्या यूजरला बनवता येणारी वेगळी, कोंडलेली जागा) वापरून उभा करू बघतो. ते जमलं नाही तर या मदतनीस फाइलकडे वळतो. साध्या यूजरला नेमस्पेस बनवू दिल्यानं कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) बरेच कोपरे हल्लेखोरांसाठी उघडे पडतात, हे वारंवार दिसून आल्यावर उबंटूनं २३.१० मध्ये ॲपआर्मर या सुरक्षा-व्यवस्थेमार्फत त्यावर बंधन आणलं आणि २४.०४ पासून ते मूळ सेटिंगमध्येच चालू ठेवलं. प्रसिद्ध ब्राउझर आणि एडिटर अडू नयेत म्हणून त्यांची प्रोफाइलं (कोणत्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते सांगणाऱ्या फाइली) सोबत दिली. तुमचं टूल त्या यादीत नाही. असायला हवं होतं असंही माझं म्हणणं नाही, कारण ॲपइमेज कुणी डाउनलोड्समध्ये ठेवतो, कुणी डेस्कटॉपवर, आणि प्रोफाइल तर ठरावीक पत्त्यावर बांधलेलं असतं. पत्ता ठरवायचं काम तुमचं होतं.

मग तुमचा सल्ला: ‘नो-सँडबॉक्स’ लावून चालवा. त्यानं भागलं नाही तर दुसरा सल्ला तयार: सिस्टिममधलं ते बंधनच शून्य करून टाका. हे विजेच्या बोर्डातल्या फ्यूजच्या जागी जाड तार टाकणं आहे. मोटार चालू होते, यात वाद नाही. आमच्या धंद्यात असं करणाऱ्या वायरमनला पुन्हा कुणी बोलवत नाही.

प्रोग्रॅमिंगच्या टूलला सँडबॉक्स कशाला, असंही तुमच्या माणसानं ऐकवलं. तुमचं टूल उघडल्याबरोबर तुमच्या नव्या उत्पादनांचं स्वागतपान इंटरनेटवरून ओढतं. बोर्डांची यादी इंटरनेटवरून येते. एक्स्टेन्शन तिथूनच येतात. आतून तो ब्राउझरच आहे, आणि तो ज्या मशीनवर चालतो तिथं आमच्या पॅनेलांचे सगळे सोर्स कोड आहेत.

काळही कुठला होता ते बघा. २४.०४ ची बीटा आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये यायची होती. ती आठवडाभर लांबली, कारण मार्चच्या शेवटी एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी लपवलेलं चोरदार सापडलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं जाणवलं, त्यानं खोदून काढलं, म्हणून जग वाचलं. उबंटूवाल्यांनी खबरदारी म्हणून पॅकेजं नव्यानं बांधून घेतली. त्या वसंतात सगळे दारं तपासत होते. त्याच आवृत्तीसाठी तुमचा लेखी सल्ला बंधन काढून टाका असा आहे.

आणि दुरुस्ती किती अवघड आहे म्हणता? ती मी माझ्या मशीनवर करून पाहिली. तुमची ॲपइमेज उलगडून ऑप्ट फोल्डरमध्ये रूटच्या मालकीनं ठेवली. उलगडल्यामुळे फ्यूजचा प्रश्नही तिथंच मिटला. मग त्या पत्त्यासाठी ॲपआर्मरचं चार-सहा ओळींचं प्रोफाइल लिहिलं, ज्यात खरी कामाची ओळ एकच: या प्रोग्रॅमला यूजर नेमस्पेस बनवू द्या. ॲपआर्मर पुन्हा लोड केलं. टूल उघडलं, सँडबॉक्स शाबूत. फोल्डर रूटच्या मालकीचा ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर त्या पत्त्यावर दुसरंच काही आणून ठेवून कुणीही ती परवानगी वापरेल. हे सगळं एका डेब पॅकेजमध्ये (उबंटूवर इन्स्टॉल करायच्या फाइलमध्ये) बसतं. पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपला जमतं, तर चिप बनवणाऱ्या कंपनीला जमायला हरकत नाही.

टूल उघडल्यावर डिबगर (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन) पडला, ही त्याच्या पुढची गोष्ट. सोबत दिलेला जीडीबी हा डिबगर एनकर्सेस ५ ही टर्मिनलची लायब्ररी मागतो. एनकर्सेस ६ ऑगस्ट २०१५ मध्ये आली. मधल्या काळात डिस्ट्रिब्युशनांनी पाचवी आवृत्ती जुन्या लोकांसाठी सांभाळली आणि अखेर २४.०४ मधून उबंटूनं ती काढली. एवढी वर्षं हातात असताना तुम्ही तोच जुना जीडीबी नव्या टूलच्या पोटात घालून देता आहात. यावर तुमचं उत्तर, जुन्या उबंटूच्या भांडारातून डेब फाइल उतरवून बसवा. म्हणजे जिच्या दुरुस्त्या या आवृत्तीसाठी कुणीच करणार नाही अशी लायब्ररी हातानं आणून घाला. काही जण सहाव्या लायब्ररीला पाचवीचं नाव देऊन सिमलिंक (नुसता दुवा) करतात. कधी चालतं, कधी ब्रेकपॉइंटला पोचल्यावर लटकतं.

जे तुमचं नाही ते तुमच्या माथी मारणार नाही. सिरियल पोर्ट गायब होण्याचा किस्सा २२.०४ निघाली तेव्हा जगभर गाजला. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारे स्वस्त यूएसबी-सिरियल ॲडॅप्टर बहुतेक सीएच३४० चिपचे असतात. त्या चिपचा ओळखक्रमांक काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही वापरलेला आहे. म्हणून अंधांसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम तो ॲडॅप्टर आपलाच समजून पकडून बसायचा आणि पोर्ट दिसायचा नाही. यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे तो प्रोग्रॅम उडवून टाका. मला तो पटत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या मशीनवर तो प्रोग्रॅम म्हणजे स्क्रीन आहे. जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या यूडेव्हच्या नियमांतली त्या क्रमांकाची एक ओळ बंद केली की दोघांचं काम होतं. डिस्ट्रिब्युशनही चुकतं, हे मला मान्य आहे. पण ही एक चूक दाखवून बाकीचा सगळा बिघाड तिकडे ढकलता येणार नाही.

ढकलण्यासाठी तुमच्या शेऱ्यात आणखी एक वाक्य आहे: लिनक्स सारखं बदलतं, आम्ही कुठवर धावायचं. कर्नलबद्दल बोलत असाल तर चालता प्रोग्रॅम मोडणारा बदल हा कर्नलचाच दोष, ही भूमिका लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स वर्षानुवर्षं धरून आहेत. २०१२ मध्ये एका सहकाऱ्याला त्यांनी यावरून सगळ्यांसमोर झाडलं होतं. इथं बदललं ते कर्नलच्या वरचं धोरण. ते २३.१० च्या वेळी जाहीर झालं, २४.०४ च्या माहितीपत्रकात लिहिलं गेलं आणि आवृत्ती २५ एप्रिल २०२४ ला बाहेर पडली. वर्ष उलटून गेल्यावर आम्ही अपडेट केलं. धावायचा प्रश्न नव्हता, वाचायचा होता.

याच्या उलट टोकाचा प्रकारही होतो, तोही सांगतो. २०२४ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरच्या १.८६ आवृत्तीनं रिमोट मशीनवर जीलिबसी ही मूळ लायब्ररी किमान २.२८ हवी असं ठरवलं. उबंटू १८.०४ मध्ये २.२७ होती. जुन्या सर्व्हरवर काम करणारे एका अपडेटनं तुटले. ओरड झाली, तशी कंपनीनं काही दिवसांत सुधारित आवृत्ती काढून इशारा दाखवत जोडणी चालू केली आणि सर्व्हर बदलायला वर्षभराची मुदत दिली. निर्णय मागे घेतला नाही, पण मुदत दिली, तारीख दिली. ग्राहकाशी असं वागता येतं.

माझं डीपीचं काम अडून राहिलं नाही, हेही लिहितो, नाहीतर वाटेल की केवळ अडल्यामुळे ओरडतो आहे. उबंटूच्या भांडारातला आर्म चिपसाठीचा जीसीसी कंपायलर, चिपमध्ये बर्न करणारं ओपनओसीडी आणि जीडीबी-मल्टिआर्च हा डिबगर वापरून तो आकडा बदलला आणि पॅनेलं रवाना केली. ओपनओसीडी २००५ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याच्या पदविका प्रबंधातून उभं राहिलं, आणि आज कुठल्याही अपडेटनंतर ते माझ्या मशीनवर उघडतं. त्रास झाला तो तुमच्या प्रोजेक्ट फाइलमुळे. कोणत्या फाइली, कोणते पर्याय, चिपचं घड्याळ किती, हे सगळं तुम्ही अशा स्वरूपात साठवता की तुमच्या टूलशिवाय ते वाचता येत नाही. मेकफाइल, म्हणजे कंपाइल करायच्या सूचनांची फाइल, हातानं लिहावी लागली. जुनी आवृत्ती परत घ्यावी म्हटलं तर ती तुमच्या पानावरून काढून टाकलेली.

आमच्याकडे डिप्लोमा झालेली मुलं अप्रेंटिस म्हणून येतात. तुमच्या सूचनांप्रमाणे त्यांचा पहिला धडा काय होतो? अडलं की सुडो (रूटचा अधिकार) लावा, तरी अडलं की सुरक्षा बंद करा, तरी अडलं की इंटरनेटवरून मिळेल ती डेब फाइल घाला. हीच मुलं उद्या कारखान्यांच्या पॅनेलांवर बसणार आहेत. त्यांना ही सवय मी लावणार नाही, त्यामुळे तुमचं मदतपान वर्कशॉपमध्ये उघडायचं नाही असं सांगून ठेवलं आहे.

मागण्या साध्या आहेत.

टूल डेब पॅकेज म्हणून द्या, ठरलेल्या पत्त्यावर बसणारं आणि ॲपआर्मरचं प्रोफाइल सोबत आणणारं. ॲपइमेज ठेवायची तर ठेवा, पण तिला काय लागतं ते तिच्या शेजारी लिहा.

सँडबॉक्स बंद करा आणि सिस्टिमचं बंधन शून्य करा, हे दोन्ही सल्ले मदतपानावरून आजच काढा. यासाठी प्रोग्रॅमर लागत नाही.

जीडीबी एनकर्सेस ६ वर बांधून द्या, किंवा सिस्टिममधला जीडीबी निवडायची सोय द्या.

डाउनलोड पानावर नुसतं ‘लिनक्स ६४-बिट’ लिहू नका. कोणत्या डिस्ट्रिब्युशनच्या कोणत्या आवृत्तीवर तपासलं, किमान जीलिबसी किती, सपोर्ट कुठवर, हे लिहा. तपासलंच नसेल तर ते लिहा. निदान माणूस अपडेटआधी विचार करेल. जुन्या आवृत्त्या चेकसमसह (फाइल अस्सल आहे का ते तपासायच्या आकड्यासह) पानावर राहू द्या.

प्रोजेक्ट मेकफाइल किंवा सीमेकमध्ये बाहेर काढता यावा. आमचा कोड आमचा आहे, तो बांधायची रीतही आमच्या हातात असावी.

शेवटची मागणी मदत विभागाकडे. कोअर डम्प, पूर्ण संदेश आणि पुन्हा घडवून आणायच्या पायऱ्या जोडलेली तक्रार कुणी तरी चालवून बघितल्याशिवाय बंद करू नका. माझी तक्रार पुन्हा उघडा. प्रोफाइलचा मजकूर तिच्यात जोडलेलाच आहे, तो जसाच्या तसा वापरायला माझी हरकत नाही, नाव द्यायचीही गरज नाही. चाचणीसाठी २२.०४ आणि २४.०४ अशी दोन्ही मशिनं वर्कशॉपमध्ये आहेत. पॅकेज पाठवलंत तर त्यांच्यावर चालवून अहवाल देईन.

पुढच्या पॅनेलचं डिझाइन उन्हाळ्यात पक्कं होतं, पावसाळ्यात माल तयार होतो. चिप तुमचीच ठेवायची की बदलायची, ते तेव्हा ठरेल, आणि ठरवताना तिचं टूल आमच्या मशीनवर उघडतं का हे आधी बघितलं जाईल.

कळावे,

आपला एक ग्राहक
कुपवाड एमआयडीसी, जि. सांगली